जुन्या शहरातला चौक आणि गल्ल्या: चालण्यासाठी आणि खुल्या रंगमंचासाठी घडवताना कामाचा बरोबर क्रम

जुन्या वस्तीतल्या चौकाचे काम बहुतेक वेळा फरशीच्या नमुन्यापासून सुरू होते. बैठकीत टेबलावर चार दगड येतात, रंगमंचाचे चित्र दाखवले जाते, आणि पाणी कुठे जाणार हा प्रश्न खोदकाम सुरू झाल्यावर निघतो. मग दोन पावसाळ्यांत जोत्यांना ओल चढते, भिंतींना लोणा (क्षाराचा पांढरा थर) लागतो, आणि पहिल्याच मोठ्या कार्यक्रमात रुग्णवाहिका आत येऊ शकत नाही. या सगळ्या चुका क्रम उलटा लावल्यामुळे होतात.

बरोबर क्रम असा: आधी निरीक्षण, मग जमिनीखालचे, मग पाणी, मग चालणे आणि वाहने, मग रंगमंचाची जागा आणि गर्दीचा हिशेब, मग तात्पुरता प्रयोग, आणि फरसबंदी सर्वांत शेवटी. वर्षातले बहुतेक दिवस चौकात कार्यक्रम नसतो. त्यामुळे रोजचा चौक आधी नीट झाला पाहिजे आणि कार्यक्रमाने त्यात पाहुण्यासारखे बसले पाहिजे.

हिशेबासाठी खाली सगळीकडे एकच नमुना चौक धरला आहे: २५ मीटर लांब, २० मीटर रुंद, चारही बाजूंनी जुन्या इमारती, आणि आत येणाऱ्या तीन गल्ल्या, रुंदी ४.५, २.५ आणि १.५ मीटर.

## टप्पा १: कागद, माणसे आणि सहा दिवसांचे निरीक्षण

नकाशा १:२०० प्रमाणात काढा. त्यावर प्रत्येक दाराचा उंबरठा, जोत्याचा माथा, गटाराचे झाकण, पायरी, ओटा, झाड आणि पन्हळीचे तोंड यांची पातळी सेंटिमीटरमध्ये लिहा. चौकाच्या मधल्या भागात दर दोन मीटरवर एक पातळी पुरे, भिंतीलगत मात्र दर मीटरला घ्या. या एका कागदावर पुढचे निम्मे निर्णय अवलंबून असतात. तो घाईत केला तर पुढे कितीही चांगला दगड आणला तरी उपयोग होत नाही.

वारसा इमारतींची परवानगी देणारे खाते, अग्निशमन दल, पाणी, वीज आणि सांडपाणी विभाग, दुकानदार आणि वरच्या मजल्यांवर राहणारे लोक यांना याच टप्प्यावर भेटा. चित्र तयार झाल्यावर भेटलात तर ते फक्त हरकत घेतील. आधी भेटलात तर बुजलेली विहीर कुठे आहे ते सांगतील.

मोजणी सहा दिवस करा: तीन कामाचे, दोन सुट्टीचे आणि एक पावसाचा. प्रत्येक तासातली पंधरा मिनिटे मोजा. किती माणसे चालली, किती थांबली, कुठे बसली, किती वाहने आली आणि किती वेळ उभी राहिली, हे सगळे वेगवेगळे लिहा. थांबलेल्यांची मोजणी लोक विसरतात. माणसे आज जिथे आपण होऊन टेकतात तिथे उद्याचा बाक चालेल. नकाशावर मोकळ्या दिसणाऱ्या जागेतला बाक बहुधा रिकामा राहतो.

तपासा: रात्री अकराची आणि पहाटे पाचची नोंद आहे का? कचऱ्याची गाडी, दुधाची गाडी आणि दुकानांचा माल याच वेळांना येतो.

## टप्पा २: जमिनीखाली काय आहे

जुन्या शहराच्या जमिनीखाली जुन्या पायऱ्या, तळघरांच्या कमानी, बंद पडलेली दगडी गटारे आणि कागदावर नसलेल्या नळवाहिन्या असतात. आधी भूभेदी रडारने चौक तपासा. मग जिथे शंका असेल तिथे एक मीटर बाय एक मीटरचे चाचणी खड्डे हाताने खोदा, यंत्राने नाही. निदान एक खड्डा जोत्याला लागून घ्या, म्हणजे पाया किती खोल आहे ते कळेल. काही जुन्या भिंतींचा पाया आजच्या रस्त्याखाली अर्धा मीटरही जात नाही. अशा भिंतीजवळ साठ सेंटिमीटर खोल चर घेतला की भिंतीचा आधारच निघतो.

खड्ड्याच्या कडेला जमिनीचे थर दिसतात. वरचे दोन-तीन थर म्हणजे एकावर एक चढवलेले रस्ते असतात. ते काढता आले तर रस्ता मूळ पातळीला जातो, बुजलेली पायरी मोकळी होते आणि जोते पुन्हा उघडे पडते. यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ सुधारणा दुसरी नाही.

झाडांसाठी हिशेब वेगळा आहे. छातीच्या उंचीला खोडाचा जो व्यास भरेल त्याच्या बारा पट त्रिज्येच्या वर्तुळात यंत्र न्यायचे नाही. खोड ४० सेंटिमीटर असेल तर ही त्रिज्या ४.८ मीटर येते.

सावधान: घडीव दगड, विटांचा थर किंवा खापरांचा ढीग लागला तर काम तिथेच थांबवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. वेळापत्रकात अशा थांब्यासाठी तीन ते चार आठवडे आधीच राखून ठेवा.

## टप्पा ३: पाणी

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

पहिला नियम: फरशीची तयार पातळी जोत्याच्या माथ्यापेक्षा कमीत कमी १५ सेंटिमीटर खाली राहिली पाहिजे. जुन्या फरशीवर नवी फरशी बसवली की हे अंतर संपते आणि पावसाचे उडालेले पाणी थेट भिंतीत शिरते. त्यावर सिमेंटचा गिलावा केला तर पाणी बाहेर पडण्याचा रस्ताही बंद होतो. ओल वर चढते, क्षार दगडात साचून पापुद्रे सुटतात. जुन्या चुन्याच्या भिंतींच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्यानेच भरायच्या. हे काम महाग वाटले तरी त्याला दुसरा पर्याय नाही.

दुसरा नियम: ढाळ भिंतीपासून दूर. भिंतीलगत १:५० ते १:६० ढाळ ठेवा. नमुना चौकात भिंतीपासून मध्यापर्यंत १० मीटर आहेत. १:५० ने मध्य २० सेंटिमीटर खाली जाईल. हा ढाळ चाकाच्या खुर्चीला जड जात नाही.

इटलीतल्या सिएना शहरातला पियाझ्झा देल कांपो हा चौक या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. विटांची फरसबंदी, तिचे दगडी पट्ट्यांनी केलेले नऊ भाग, आणि शिंपल्यासारखा सगळा ढाळ सर्वांत खालच्या टोकाच्या मोरीकडे. ज्या ढाळावरून पाणी वाहून जाते त्यावरच बसून लोक समोरचे पाहतात. चौकाचा ढाळ आणि प्रेक्षकांचा ढाळ एकच करता आला तर बांधीव पायऱ्यांची गरज पुष्कळदा उरत नाही.

तिसरा नियम: पाणी मुरवायचे असेल तर पायापासून दूर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. चौक ५०० चौरस मीटर, सरीत ४० मिलिमीटर पाऊस, म्हणजे २०,००० लिटर. आता 'सगळा चौक पाणी मुरवणारा करू' या लोकप्रिय कल्पनेची परीक्षा घ्या. इमारतींपासून पाच मीटर सोडले तर मधे १५ बाय १० मीटर, म्हणजे १५० चौरस मीटर उरतात. त्याखाली २० सेंटिमीटर जाड खडीचा थर आणि त्यात ३० टक्के पोकळी धरली तर ९,००० लिटर मावतात. उरलेले ११,००० लिटर गटारानेच जाणार. ते गटार आधी दुरुस्त केले नाही तर पहिल्या मोठ्या सरीत चौकाचे तळे होईल. कडेच्या पाच मीटरांत फरशीखाली पाणी न झिरपणारा थर घाला आणि पाणी ढाळाने मध्याकडे आणा.

छपरांच्या पागोळ्या थेट फरशीवर पडत असतील तर पडण्याच्या रेषेत खडीचा चर करून त्याच्या तळाशी गटाराला जोडलेली नळी टाका.

तपासा: काम सुरू करण्याआधी टँकरने चौकात पाणी सोडा आणि ते कुठे साचते ते खडूने आखा. काम संपल्यावर हीच चाचणी पुन्हा करा.

## टप्पा ४: गल्ल्या, पायी वाट आणि वाहने

भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलेली रुंदी फसवी असते. ओटा, पायरी, विजेची पेटी आणि उभी दुचाकी वजा करून जी सर्वांत अरुंद जागा उरते तीच गल्लीची खरी रुंदी. त्या आकड्यावरून ठरवा:

- चार मीटरपेक्षा कमी: फक्त पायी. माल हातगाडीने. फुटपाथ वेगळा करू नका, सगळी गल्ली एका पातळीत घ्या.
- चार ते सहा मीटर: एक पातळी, ठरलेल्या वेळेत माल, वेग पायी चालण्याइतका.
- सहा ते नऊ मीटर: एकेरी वाहतूक, ताशी २० किलोमीटर, पायी वाट फरशीच्या पोताने वेगळी.
- नऊ मीटरच्या पुढे: दोन्ही बाजूंना निदान १.८ मीटर निर्वेध फुटपाथ. दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडण्यासाठी एवढे लागतातच.

अग्निशमन गाडीच्या मार्गावर सुमारे चार मीटर रुंद आणि साडेचार मीटर उंच पोकळी मोकळी ठेवा. नेमका आकडा दलाच्या प्रत्यक्ष गाडीवरून घ्या आणि ती गाडी एकदा खरोखर आत आणून वळवून पाहा. सहा मीटरच्या गल्लीत हे साधायचे तर बाक आणि कुंड्या सगळ्या एकाच बाजूच्या दोन मीटरांत लावा. दोन्हीकडे एकेक मीटर वाटून देणे दिसायला न्याय्य वाटते, पण मधली वाट वाकडी होते आणि कडेच्या एका मीटरमध्ये कुणाला धड बसता येत नाही.

अडथळ्याच्या खांबांबद्दल एक गोष्ट स्पष्ट असावी. दोन खांबांत १.२ मीटर अंतर ठेवले तर मोटार अडते, चाकाची खुर्ची जाते आणि दुचाकीही जाते. दुचाकी अडवण्यासाठी अंतर कमी केले की आधी खुर्ची अडते. दुचाकी खांबांनी थांबत नाहीत. पाच मिनिटे चालण्याच्या अंतरात पार्किंग आणि नियमाची अंमलबजावणी यांनीच थांबतात. पार्किंग आधी सुरू करा, गल्ली नंतर बंद करा.

एका पातळीच्या गल्लीत फुटपाथची कड नसल्याने अंध माणसाची खूण नाहीशी होते. भिंतीलगत किंवा निर्वेध वाटेत ३० सेंटिमीटर रुंद स्पर्शपट्टी सलग न्या. तिच्यावर फलक, कुंडी किंवा खुर्ची येऊ देऊ नका.

सावधान: निघणाऱ्या खांबाची किल्ली कार्यक्रमाच्या वेळी कुणाकडे असेल ते नावानिशी लिहून ठेवा.

## टप्पा ५: रंगमंचाची जागा शोधणे

पक्का रंगमंच बांधू नका. जुन्या चौकात उंच चौथरा रोजच्या वाटा तोडतो आणि लवकरच वाहने टेकवण्याची जागा होतो. सुटा मंच, त्याच्या पायांसाठी ठरलेल्या जागा आणि कडेला विजेची जोडणी एवढे पुरते.

जागा ठरवताना आधी कानाचे ऐका. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. आवाजाची फेक चांगली असलेल्या नटाचा आवाज एक मीटरवर ७० डेसिबल धरला तर आठ मीटरवर ५२ आणि सोळा मीटरवर ४६ उरतो. संध्याकाळी चौकातला नेहमीचा गलबलाच ५० असेल तर ध्वनिक्षेपकाशिवाय नाटक मागच्या रांगेला कळणार नाही. म्हणून कार्यक्रमाच्या वेळेला गलबला मोजा, दुपारी मोजलेला आकडा उपयोगाचा नाही.

दुसरी अडचण प्रतिध्वनीची. थेट आवाजानंतर सुमारे ५० मिलिसेकंदांहून उशिरा जोरकस परतलेला आवाज शब्द पुसतो. एवढ्या वेळात आवाज १७ मीटर जातो. म्हणजे प्रेक्षकाच्या पाठीमागची सपाट भिंत साडेआठ मीटरहून लांब असेल तर धोका आहे. मंच चौकाच्या एका टोकाला ठेवून शेवटची रांग मागच्या भिंतीपासून सहा-सात मीटरांच्या आत आणली की हा त्रास बराच कमी होतो. मंचामागे दोन-तीन मीटरवर भिंत असली तर तिचा परतलेला आवाज लगेच पोचतो आणि मदतच करतो. भिंत आणि मंच यांत निदान एक मीटर वाट मात्र मोकळी ठेवा.

ध्वनिक्षेपक लागणारच असतील तर दोन मोठ्यांऐवजी कमी आवाजाचे अनेक छोटे लावा. मागच्या जोडीला दर मीटरमागे सुमारे ३ मिलिसेकंदांचा विलंब द्या, नाही तर एकच शब्द दोनदा ऐकू येतो. खर्जाचे मोठे पेटारे जुन्या भिंतींना टेकवू नका. कंपनांबाबत डीआयएन ४१५० भाग ३ हे जर्मन मानक नाजूक वारसा इमारतींच्या पायाशी कमी वारंवारतेला सेकंदाला ३ मिलिमीटर ही मर्यादा सुचवते. कंपनमापक लावून ती पाहता येते. फरशी दाबण्याच्या यंत्रालाही हीच मर्यादा लावा.

सूर्य: संध्याकाळी प्रेक्षकांचे तोंड पश्चिमेला नको, कलाकारांचेही नको. उत्तर-दक्षिण अक्ष सोयीचा.

दिसणे: सपाट जागेत बसलेल्या प्रेक्षकांसाठी मंच ६० ते ९० सेंटिमीटर, उभ्यांसाठी १ ते १.२ मीटर. चेहऱ्यावरचे भाव सुमारे २५ मीटरपर्यंत वाचता येतात, नमुना चौकात हे आपोआप साधते. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला उभ्या गर्दीमागून काहीच दिसत नाही. त्यांच्यासाठी ३० सेंटिमीटर उंच सपाट जागा आणि १:१२ ढाळाची ३.६ मीटर लांब चढण करा, आणि शेजारी सोबत्याची जागा ठेवा.

तपासा: रात्री चौक रिकामा असताना मंचाच्या जागी उभे राहून एकच जोरदार टाळी वाजवा. परतलेली टाळी वेगळी ऐकू आली तर जागा बदला.

## टप्पा ६: किती माणसे मावतील

'चौकात हजार लोक बसतात' हे अंदाजे वाक्य कुणाच्याही परवानगी अर्जात येऊ नये. हिशेब करा. ५०० चौरस मीटरमधून आपत्कालीन वाट (४ × २५) १०० वजा, समोरच्या बाजूच्या दारांपुढची दोन मीटर पट्टी ५० वजा, मंच, त्यामागची जागा आणि ध्वनियंत्रणा ७० वजा. उरले २८०. उभ्या प्रेक्षकांना चौरस मीटरला दोन, म्हणजे ५६०. खुर्च्या आणि मधल्या वाटा धरून चौरस मीटरला एक, म्हणजे २८०.

आता बाहेर पडणे. सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला सुमारे ८० माणसे जातात, पायऱ्यांवरून सुमारे ६५. सर्वांत रुंद गल्ली बंद आहे असे धरूनच मोजा, कारण रुग्णवाहिका तिथूनच आत येणार. उरले २.५ आणि १.५, मिळून ४ मीटर, मिनिटाला ३२० माणसे. ५६० माणसे दोन मिनिटांच्या आत बाहेर पडतात. पण दीड मीटरच्या गल्लीच्या तोंडाशी एक टपरी आली तर हा आकडा खोटा ठरतो. बाहेर पडणाऱ्या लोंढ्याला गल्लीच्या पलीकडे मोकळी जागा आहे का, तेही चालत जाऊन पाहा.

सावधान: प्रवेश आणि निर्गम एकाच गल्लीतून ठेवू नका. समोरासमोर आलेले दोन लोंढे हेच चेंगराचेंगरीचे मोठे कारण.

## टप्पा ७: आधी तात्पुरता प्रयोग

कोपनहेगनमधला स्ट्रॉगेट रस्ता १९६२ साली आधी प्रयोग म्हणून वाहनांना बंद झाला, पक्का निर्णय नंतर झाला. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये २००९ साली रंग, पिंपे आणि घडीच्या खुर्च्यांनी सुरुवात झाली. हीच रीत धरा. रंग, कुंड्या, हलत्या खुर्च्या, भाड्याचा मंच. कालावधी सहा ते आठ आठवडे, त्यात एक लहान, एक मध्यम आणि एक पूर्ण क्षमतेचा कार्यक्रम.

जुन्या फरशीत खिळा किंवा खुंटा ठोकायचा नाही. मांडवाला पाण्याच्या टाक्यांचे वजन द्या, खाली लाकडी पाट ठेवा. किती वाऱ्याला मांडव उतरवायचा तो आकडा अभियंत्याकडून लेखी घ्या आणि वाऱ्याचा मापक लावा.

पहिल्या टप्प्यातली मोजणी इथे पुन्हा करा, त्याच जागी, त्याच तासांना. दुकानदार धास्तावलेले असतात ते बहुतेक मालाच्या वेळेमुळे. ती वेळ त्यांच्यासोबत तासाभराने मागेपुढे करून पाहा.

## टप्पा ८: पक्के काम

१. जुने दगड काढताना प्रत्येकावर क्रमांक घाला, छायाचित्र काढा, सावलीत रचून ठेवा. फुटणाऱ्यांसाठी १० ते १५ टक्के जुळणारा दगड आधी मिळवा.

२. सगळ्या वाहिन्या एकाच वेळी टाका आणि दोन रिकाम्या नळ्या भविष्यासाठी ठेवा. विजेच्या जोडणीच्या पेट्या कडेला आणि उंच बाजूला. ढाळाच्या तळाशी ठेवली की पहिल्या पावसात पेटीत पाणी. कायमची जोडणी असली की जनरेटरचा धूर आणि आवाज दोन्ही टळतात.

३. पाणी मुरवणाऱ्या भागात क्रमाने गाळणी कापड, २० सेंटिमीटर बारीक भुकटी नसलेली खडी, ३ ते ४ सेंटिमीटर २–६ मिलिमीटरची कच (दगडाची बारीक खडी), मग दगड. फटीही याच कचेने भरा. वाळू भरली तर फटी लवकर बुजतात.

४. गाडी जाणाऱ्या वाटेवर ८ ते १० सेंटिमीटर जाड, लहान आकाराचे ठोकळे. मोठ्या पातळ लाद्या वळणाऱ्या चाकाखाली फुटतात.

५. गोटे-ठोकळ्यांच्या जुन्या गल्लीत सगळा रस्ता घासून गुळगुळीत करू नका. १.८ मीटरची एकच पट्टी, सपाट तासलेल्या दगडांची, फटी १० मिलिमीटरच्या आत आणि दगडांतला चढउतार ५ मिलिमीटरच्या आत ठेवून टाका. बाकी गल्ली आहे तशी राहू द्या.

६. दिवे ३००० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचे माप) किंवा त्याहून उबदार, म्हणजे कमी आकड्याचे, प्रकाश खाली. भिंतीवर दिवा बसवताना स्क्रू दगडात नाही, दर्जेत जातो. पुढे दर्जा पुन्हा भरता येते, फुटलेला दगड परत मिळत नाही.

काम एका वेळी गल्लीच्या अर्ध्या रुंदीत करा आणि प्रत्येक दारापुढे रोज संध्याकाळी फळीची वाट तयार ठेवा.

## टप्पा ९: हस्तांतरण आणि पहिले वर्ष

काम घेणाऱ्या खात्याला एकच वही द्या: वाहिन्यांचा प्रत्यक्ष नकाशा, दगडाच्या खाणीचे नाव आणि चुन्याचे प्रमाण, मंचाच्या पायांच्या जागा, कमाल माणसांचा आकडा, आवाजाची मर्यादा आणि संपवण्याची वेळ. महिन्यात किती कार्यक्रम होतील हे रहिवाशांशी आधी ठरवून त्यात लिहा.

पहिल्या पावसाआधी आणि मध्ये एकदा गटाराची जाळी साफ करा. फटींतली कच पहिल्या तीन महिन्यांत बसते, ती पुन्हा भरा. प्रत्येक कार्यक्रमानंतर दुसऱ्या सकाळी फरशीवर तेल, मेण आणि ओरखडे पाहून नोंद करा आणि ज्याने कार्यक्रम केला त्याच्या अनामतीतून दुरुस्ती करून घ्या. वर्ष संपल्यावर पहिल्या टप्प्यातल्या पातळ्या त्याच ठिकाणी पुन्हा मोजा. भिंतीलगत फरशी एक सेंटिमीटरपेक्षा जास्त खचली असेल तर खालची नळी गळते आहे असे समजून आधी ती शोधा, दगड त्यानंतर उचला.